लाल नाकाला मान मिळायला वादळ का यावे लागते?

डिसेंबर उजाडला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि लाल नाकाच्या रुडॉल्फ रेनडिअरचे गाणे सुरू होते. आपल्या वस्त्यांतली पोरेही आता या शाळांत जातात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात आणि पोरे घरी येऊन ते गाणे म्हणतात, मोबाइलवर रुडॉल्फचा जुना अ‍ॅनिमेशनपटही पाहतात. नाताळला आमचा विरोध नाही. तो ख्रिस्ती बांधवांचा सण आहे आणि त्यांना आमच्या मनापासून शुभेच्छा आहेत. आमचा वाद आहे तो या अ‍ॅनिमेशनपटाशी. "जे वेगळे आहेत त्यांना समजून घ्या" असे शिकवणारी गोष्ट म्हणून साठ वर्षांहून अधिक काळ त्याचे कौतुक चालले आहे. आमचे म्हणणे असे की हा चित्रपट शेवटी मुलांना नेमके उलटे शिकवतो. तू आमच्या कामाचा निघालास, म्हणून तू आमचा. कामाचा नसतास तर बाहेरच राहिला असतास.

काही जण म्हणतील, कार्टूनवर कसले लेख लिहिता, लिहायला दुसरे विषय संपले का? विषय संपलेले नाहीत. पण जात कुणी मुलाला पुस्तक उघडून शिकवत नाही. कोणाच्या घरी पाणी प्यायचे, कोणाला खेळायला घ्यायचे, कोणाला "ते लोक" म्हणायचे हे मूल गोष्टींतून, गाण्यांतून, मोठ्यांच्या कुजबुजीतून शिकते. समाजशास्त्रात याला समाजीकरण म्हणतात. मनुस्मृती किती जणांनी वाचली आहे? फार थोड्यांनी. तरी ती घराघरांत पाळली जाते, कारण ती गोष्टी आणि रीतिभातींतून झिरपली आहे. म्हणून पोरांच्या गोष्टी तपासणे हे चळवळीचेच काम आहे.

आधी चित्रपटाची माहिती घेऊ. रुडॉल्फची मूळ गोष्ट १९३९ साली रॉबर्ट मे यांनी लिहिली. ते अमेरिकेत शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या व्यापारी कंपनीत जाहिरातींचा मजकूर लिहीत. नाताळच्या खरेदीला येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला कंपनीला एक पुस्तिका हवी होती. पहिल्याच वर्षी तिच्या २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. मग मे यांचे मेहुणे जॉनी मार्क्स यांनी त्यावर गाणे केले आणि १९४९ साली जीन ऑट्री यांच्या आवाजात ते घरोघरी पोहोचले. १९६४ साली आर्थर रँकिन आणि ज्यूल्स बास यांच्या कंपनीने त्यावर टीव्हीसाठी तासाभराचा विशेष कार्यक्रम काढला. बाहुल्या केसभर हलवायच्या, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायच्या, अशा पद्धतीने तो बनला. हे किचकट काम जपानमध्ये तादाहितो मोचिनागा यांच्या हाताखाली झाले. प्रायोजक होती जनरल इलेक्ट्रिक. एनबीसी वाहिनीवर तो पहिल्यांदा दाखवला गेला ६ डिसेंबर १९६४ रोजी.

६ डिसेंबर. ही तारीख वाचून आपले वाचक थांबतील हे आम्हाला ठाऊक आहे. हा योगायोग आहे, त्यात गूढ काही नाही. पण त्याच ६ डिसेंबरला, त्याच १९६४ साली इथे काय चालले होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. त्याकडे पुढे येऊच.

आम्हाला या चित्रपटाचा राग येण्याआधी त्याबद्दल आशा वाटते, आणि म्हणूनच निराशा मोठी होते. कारण त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात बहिष्कार कसा चालतो हे फार नेमके दाखवले आहे. दलित साहित्य वाचलेल्या माणसाला तर ते ओळखीचेच वाटते.

रुडॉल्फ जन्मतो तो चमकणारे लाल नाक घेऊन. बाप डॉनर हा सांताची गाडी ओढणाऱ्या रेनडिअरांचा म्होरक्या. बाळ पाहायला सांता येतो आणि बजावतो की पुढे माझ्या गाडीला जुंपून घ्यायचे असेल तर हे नाक चमकायचे थांबले पाहिजे. म्हणजे ज्याला सगळी लहान मुले दयाळू म्हातारा म्हणून ओळखतात, त्याने जन्मलेल्या पोराची नोकरी नाकावरून ठरवून टाकली. बाप काय करतो? पोराच्या बाजूने उभा राहतो का? तो त्याच्या नाकाला चिखल फासतो. पुढे नाकावर खोटे काळे टोपण बसवतो. त्याने पोराचा श्वास कोंडतो, बोलणे गेंगाणे होते. पोरगा कुरकुरतो तेव्हा बाप सांगतो की सोयीपेक्षा मोठ्या गोष्टी असतात आणि त्यातली एक म्हणजे स्वाभिमान!

स्वाभिमान! नाक झाकणे म्हणजे स्वाभिमान. हा शब्द आपल्याला ज्यांनी शिकवला त्यांनी त्याचा अर्थ असा शिकवलेला नाही. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाचे कलंकावरचे प्रसिद्ध पुस्तक 'स्टिग्मा' १९६३ सालचे, म्हणजे या चित्रपटाच्या आदल्याच वर्षीचे. समाजाने ज्याच्यावर कलंक लादला तो माणूस ती ओळख लपवत कसा जगतो, ती उघडी पडेल या धास्तीत दिवस कसे काढतो, हे त्यात मांडले आहे. आपल्याला त्यासाठी अमेरिकेला जावे लागत नाही. शहरात खोली भाड्याने पाहायला गेले की दुसराच प्रश्न येतो, आडनाव काय? किती जणांनी आडनाव बदलले, गावाचे नाव लावले, घरातला बाबासाहेबांचा फोटो मालक यायच्या दिवशी आतल्या खोलीत ठेवला. असे टोपण घालणाऱ्यावर आमचा राग नाही, ते त्याला कुणी घालायला लावले हा प्रश्न आहे. चित्रपटाने हा प्रश्न उभा केला, त्याबद्दल त्याला गुण दिलेच पाहिजेत.

मग खेळाचा प्रसंग. पोरे उडायला शिकत आहेत. क्लॅरिस नावाची मादी रुडॉल्फचे कौतुक करते आणि त्या आनंदात तो सगळ्यांपेक्षा उंच उडी घेतो. लक्षात घ्या, गुणवत्ता त्याने सगळ्यांसमोर सिद्ध केली आहे. तेवढ्यात टोपण निसटते, नाक दिसते आणि हशा पिकतो. शिक्षक कॉमेट जाहीर करतो की यापुढे याला खेळात घ्यायचे नाही. सांता बापाला म्हणतो, तुला लाज वाटायला हवी, आणि वर हळहळतोही की पोराची झेप मात्र चांगली होती. "मुलगा हुशार आहे हो, पण..." हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेले नाही? गुणवत्ता डोळ्यांसमोर असून चालत नाही. ती कुणाच्या अंगात आहे ते आधी पाहिले जाते.

क्लॅरिस त्याच्यासोबत चालू लागते तर तिचा बाप आडवा येतो. आपली पोर लाल नाकवाल्यासोबत दिसता कामा नये, असे सांगून तिला घरी पाठवतो. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सांगितले होते ते हेच. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने, आणि त्यासाठी बाईवर पहारा ठेवण्याने. चित्रपटात बाईचा प्रश्न आणखी एकदा येतो. हरवलेल्या पोराला शोधायला आई निघते तेव्हा डॉनर तिला हे पुरुषाचे काम आहे म्हणून घरी बसवतो. ती आणि क्लॅरिस तरीही मागाहून निघतात, हे त्या दोघींचे मोठेपण. लेखकाने मात्र त्यांना शेवटी राक्षसाच्या गुहेत अडकवून ठेवले आहे, सुटकेची वाट पाहत.

आणखी एक पात्र आहे, हर्मी. तो एल्फ, म्हणजे सांताच्या कारखान्यात खेळणी बनवणाऱ्या बुटक्या कारागिरांपैकी. त्याला दातांचा डॉक्टर व्हायचे आहे. मुकादम त्याच्यावर खेकसतो. एल्फने खेळणीच करायची, दुसरे काही नाही. जन्माने काम ठरते आणि ते काम सोडणारा बंडखोर ठरतो. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवले की जात ही श्रमाची वाटणी असल्याचा बहाणा करते, प्रत्यक्षात ती श्रमिकांचीच उतरंड लावून वाटणी करते. तो बहाणा समजवायला आम्ही अभ्यासवर्गात हर्मीचे उदाहरण खुशाल देऊ.

सगळ्यात चटका लावतात ती नाकारलेल्या खेळण्यांच्या बेटावरची खेळणी. तिथे चौकोनी चाकांची आगगाडी आहे, ठिपक्यांचा हत्ती आहे, बुडणारी होडी आहे. आणि एक पेटीतून उसळी मारणारा विदूषक आहे. या खेळण्याचे इंग्रजी नाव 'जॅक इन द बॉक्स'. या विदूषकात काही मोडलेले नाही, स्प्रिंग ठीक आहे, रंग ठीक आहे. फक्त त्याचे नाव जॅक नाही, चार्ली आहे. नावापायी तो बेटावर पडला आहे! शेजारी एक बाहुली आहे, तिच्यात तर काहीच दोष दिसत नाही आणि ती तिथे का आहे हे चित्रपट सांगतही नाही. आमच्या मते ही दोन पात्रे रुडॉल्फपेक्षा खरी आहेत. रुडॉल्फचे नाक निदान दिसते. आपल्या कपाळावर काय दिसते? काहीच नाही. तरी गावकुसाबाहेरची वस्ती आहे, तरी नाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलतो. दोष माणसात नसतोच, तो नाकारणाऱ्याच्या नजरेत तयार होतो. ही गोष्ट सांगायची सगळी सामग्री चित्रपटाच्या हातात होती.

आणि मग त्याने काय केले ते पाहा.

रुडॉल्फ आणि हर्मी घर सोडतात, संकटे झेलतात. हर्मी हिमराक्षसाचे दात उपटतो, त्यामुळे सगळे वाचतात. ते परत येतात, त्यांची कहाणी ऐकून मंडळी जरा वरमतात. मग हिमवादळ येते. सांता नाताळ रद्द करायला निघतो आणि तेवढ्यात त्याचे लक्ष त्या चमकत्या नाकाकडे जाते. ज्या नाकाने डोळे दिपतात म्हणून सगळ्यांना त्रास होता, ते आता सुंदर ठरते. रुडॉल्फ गाडीच्या पुढे जुंपला जातो, सगळे जयजयकार करतात, गाणे वाजते आणि गोष्ट संपते.

आम्ही एवढेच विचारतो की वादळ आले नसते तर? आकाश निरभ्र असते तर लाल नाक सुंदर ठरले असते का? चित्रपट या प्रश्नाला उत्तर देत नाही, कारण त्याच्याकडे ते नाही. आणि पुढच्या वर्षी एखादे पोर वाकड्या शिंगाचे जन्मले, ज्याचा कशालाच उपयोग नाही, तर? कॉमेट अजून शिक्षक आहे. खेळात कुणाला घ्यायचे हे अजून तोच ठरवणार आहे. गाडीला कोण लायक, हे अजून सांताच ठरवणार आहे. नियम जागच्या जागी राहिला, फक्त एकाला त्यातून सूट मिळाली.

या चित्रपटाची बाजू घेणारे सांगतात की माफी वादळाच्या आधी मागितली जाते, म्हणून तुमचा आक्षेप चुकीचा आहे. खरे आहे, वादळाची बातमी येण्याआधी मुकादम हर्मीला दवाखाना काढू देतो, बाप पोराची क्षमा मागतो, सांता बेटावरच्या खेळण्यांना घर शोधून द्यायचे कबूल करतो. पण हे कधी घडते? राक्षस हरल्यावर. म्हणजे पोरे जिवावर उदार होऊन मर्दुमकी गाजवून आल्यावर. ज्या दिवशी त्याला खेळातून हाकलले, त्या दिवशी रुडॉल्फ कुणाचे काही बिघडवून बसला नव्हता. माफी त्याच दिवशी देणे होती. पराक्रमानंतर मागितलेली माफी ही हाकललेल्याची माफी नसते, ती वीराला दिलेली दाद असते.

त्या हिमराक्षसाचेही पाहा. दात काढल्यावर तोही गावात चालतो. उंच आहे म्हणून झाडाच्या शेंड्यावर तारा लावायच्या कामाला त्याला ठेवतात. हे दृश्य पाहून आम्हाला आपल्या राजकारणातली काही मंडळी आठवली, नावे घ्यायची गरज नाही. दात काढून घेतलेला पँथर प्रत्येक प्रस्थापित पक्षाला चालतो, मंचावर तारा लावायला त्याची उंची कामी येते.

दुसरे काही म्हणतात, उपयोगी पडण्यात वाईट काय? माणसाने गुणांनी मान मिळवावा. आम्हीही पोरांना शिका म्हणूनच सांगतो. गुण असावेत, ते वाढावेत, त्यांचा समाजाला उपयोग व्हावा. पण माणूस म्हणून वागवले जाण्याची ती फी असू शकत नाही. आणि ही फी भरूनही आत घेतात का, हे आपला इतिहास विचारून पाहू.

पळवणकर बाळू घ्या. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामे करता करता त्यांना सरावासाठी गोलंदाजी करू लागला. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. हे त्यांचे वादळ. तेव्हा लाल नाक आठवले आणि बाळूंना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडूंच्या हाताला चालत होता. चहाच्या वेळी मात्र बाकीचे आत कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना हरवले त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. एवढे करून हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या बाजूने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले, तो राजकारणाचा भाग वेगळा. त्याने मातीच्या भांड्याचा अपमान कमी होत नाही.

सैन्याचे घ्या. इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या, उपयोग झाला नाही. मग पहिले महायुद्ध पेटले आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, वादळ ओसरले आणि १९२१ पर्यंत पलटण मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली पुन्हा आठवण झाली. अगदी अलीकडचे सांगायचे तर २०२० साली कोरोनाच्या भीतीने सफाई कामगारांना योद्धे म्हणून टाळ्या-थाळ्या वाजवल्या. साथ ओसरल्यावर त्या योद्ध्यांची कंत्राटे आणि गटारात उतरणे काही थांबले नाही.

आणि बाबासाहेबांहून तेजस्वी नाक कुणाचे? १९१७ साली कोलंबियाचे आणि लंडनचे शिक्षण घेऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या कचेरीत त्यांच्याइतका शिकलेला माणूस शोधून सापडला नसता. तरी शिपाई लांबून फाइली फेकत. राहायला कुणी घर दिले नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला तर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथून हुसकावले. उपयुक्तता, गुणवत्ता, विद्वत्ता सगळे हजर होते. दार उघडले नाही. रुडॉल्फच्या गोष्टीचा दावा तिथेच खोटा पडतो.

म्हणून बाबासाहेबांनी आपल्याला रुडॉल्फचा मार्ग सांगितला नाही. आम्ही किती कामाचे आहोत ते पाहा आणि मग पाणी द्या, असे त्यांनी महाडला म्हटले नाही. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले त्याचा आधार एकच होता. आम्ही माणसे आहोत आणि तळे सार्वजनिक आहे. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, जगात नाताळ साजरा होत असताना, महाडला मनुस्मृती जाळली गेली. नियमातून सूट मागणे वेगळे आणि नियमाचा ग्रंथ जाळणे वेगळे. आज आपल्या भगिनी हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. चित्रपटातल्या क्लॅरिसच्या बापाला उत्तर द्यायचे तर ते याच दिवसाने दिले आहे.

आता १९६४ कडे येऊ. चित्रपटाचे कौतुक करताना सांगितले जाते की त्या काळाच्या मानाने तो पुढारलेला होता. त्या काळी अमेरिकेत काय चालले होते? २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायदा झाला. हॉटेलात, नाट्यगृहात, नोकरीत वर्णावरून भेद करणे बेकायदा ठरले. रुडॉल्फ दाखवल्यानंतर चारच दिवसांनी, १० डिसेंबरला, मार्टिन ल्यूथर किंग यांनी ओस्लोत शांततेचे नोबेल स्वीकारले. काळी माणसे तुरुंगात गेली, लाठ्या आणि कुत्र्यांचे चावे सोसले, पोरांना शाळेत नेताना दगड खाल्ले. त्यांनी गोऱ्यांना आम्ही तुमच्या वादळात कामी येऊ असे सांगून कायदा मिळवला नाही, तो हक्क म्हणून मिळवला. ज्या देशातल्या रस्त्यांवर हक्काची भाषा दुमदुमत होती, त्याच देशाच्या टीव्हीने मुलांना कृपेची भाषा शिकवली. काळाच्या पुढे कसला, चित्रपट स्वतःच्या काळाच्याच मागे होता.

आणि इथे? ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मुख्य मागणी. लाखो माणसे तुरुंगात गेली, त्यात बाया होत्या, कडेवर लेकरे होती. त्या लेकरांना रुडॉल्फ माहीत नव्हता. पण जमीन कुणाच्या दयेने नको, हक्काने हवी, हे त्यांना आयांच्या कडेवरच कळत होते. एकाच तारखेला जगात दोन शिकवणी चालल्या होत्या. आपली कुठली, हे आपण ठरवायचे आहे.

आम्ही हा चित्रपट बंद करा असे म्हणत नाही. बंदी घालणे हे आमचे हत्यार नाही. उलट पोरांसोबत बसून तो पाहा आणि मधे थांबवून प्रश्न विचारा. नाकाला टोपण घालायला लावणारा बाप चूक होता की सांता? कॉमेटला शिक्षक म्हणून ठेवायला हवे होते का? चार्लीचे नाव जॅक असते तर तो बेटावर असता का? बाहुलीत काय वाईट होते? वादळ आलेच नसते तर? आमचा अनुभव असा की सात-आठ वर्षांची पोरे याची उत्तरे मोठ्यांपेक्षा सरळ देतात. वस्तीतल्या अभ्यासिकेत एका मुलीने विचारले होते, त्याने गाडी ओढायला नाही म्हटले असते तर त्यांनी त्याला परत हाकलले असते का? एवढा एक प्रश्न लेखकाला पडला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचे हो म्हणणे हा मान नव्हे.

एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली. १९६४ च्या मूळ चित्रपटात सांताने बेटावरच्या खेळण्यांना दिलेला शब्द पाळलेला दाखवलाच नव्हता. रुडॉल्फचा जयजयकार झाला, गाडी उडाली आणि चार्ली, बाहुली, हत्ती तिथेच राहिले. जे कामाचे नव्हते त्यांना गोष्ट विसरून गेली. हे निर्मात्यांच्या लक्षात आले नाही, पण पाहणाऱ्यांच्या लक्षात आले. तक्रारी गेल्या आणि पुढच्या वर्षी, १९६५ साली, सांता बेटावर जाऊन खेळण्यांना घेतो असे नवे दृश्य जोडावे लागले. या साऱ्या प्रकरणात आम्हाला आवडलेला भाग हाच आहे, आणि तो चित्रपटाच्या बाहेर घडला. पाहणाऱ्यांनी विचारले की त्यांचे काय झाले, आणि विचारले म्हणूनच दृश्य बदलले.

आपल्या पोरांना हेच शिकवू या. कुणाच्या वादळाची वाट पाहू नका. खेळात घेतले नाही तर कुणी ठरवले ते विचारा, आणि तुम्हाला घेतले तरी बेटावर कोण राहिले ते विचारा.

जयभीम!